संगणकाचें काम आणि डोळ्यांची निगा

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



कांहीं दिवसांपूर्वीं एकाच सकाळीं दोन माणसें माझ्याकडे डोळे दाखविण्यास आलीं. दोघांचें गाऱ्हाणें एकच होतें, आणि दोघांनीं स्वतःच करून ठेवलेलें निदानही एकच होतें : "डॉक्टर, संगणकानें माझे डोळे खाल्ले."

पहिल्या होत्या एक पस्तिशीच्या बाई. त्या घरीं बसून भाषांतराचें काम करीत. दुपारीं तीन वाजले कीं डोळे चुरचुरूं लागत, संध्याकाळीं कपाळ ठणके, आणि रात्रीं दूरदर्शनवरचीं अक्षरें पुसट दिसत. आपली दृष्टि चालली, या धास्तीनें त्यांनीं हातांतलें निम्में काम सोडून दिलें होतें. निळे किरण अडवितात म्हणून दोन महाग चष्मे घेतले होते. आणि औषधाच्या दुकानांतून आणलेल्या थेंबांच्या तीन बाटल्या त्यांच्या पिशवींत होत्या. दुसरे गृहस्थ पंचावन्नच्या घरांतले, एका कचेरींत हिशेबनीस. दोन वर्षें त्यांना डोळे जड वाटत होते, जिना उतरतांना पायरी चुकत होती, दाराच्या चौकटीला खांदा लागत होता. "दिवसभर पडद्याकडे पाहतों, त्याचाच हा शीण," असें म्हणून ते गप्प राहिले.

तपासून पाहतां बाईंचे डोळे आंतून अगदीं निरोगी निघाले. गृहस्थांना मात्र कांचबिंदु झालेला होता, आणि दोन्ही डोळ्यांच्या कडेची पुष्कळशी दृष्टि कायमची गेली होती. त्या रोगाशीं संगणकाचा कांहींएक संबंध नव्हता. पण संगणकाचें नांव त्या रोगाला दोन वर्षें पांघरूण म्हणून पुरलें.

मला आज जें सांगावयाचें आहे तें या दोन उदाहरणांत सांठवलेलें आहे. संगणकापुढें डोळे थकतात, हें खरें. पण त्यामुळें मोठ्या माणसांचे डोळे निकामी होतात, असें मात्र आढळलेलें नाहीं. तेव्हां थकवा हा थकवा म्हणून ओळखावा; त्याचे उपाय साधे आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. आणि जो थकवा नव्हे, त्याला थकव्याचें नांव देऊन स्वस्थ बसूं नये.

हें दुखणें संगणकाबरोबरच जन्माला आलें, असें कोणीं समजूं नये. बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्यानें १७०० सालीं निरनिराळ्या धंद्यांतील लोकांना जडणाऱ्या रोगांवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्म वस्तूंचें काम करणाऱ्या कारागिरांचे डोळे कसे क्षीण होतात याचा विचार त्यांत आहे. त्यांना रामात्सिनीनें दिलेला सल्ला थोडक्यांत असा : चष्मा वापरावा, मान सदा वांकवून एकाच वस्तूवर नजर खिळवून ठेवण्याची संवय सोडावी, आणि मधून मधून काम खालीं ठेवून नजर दुसरीकडे फिरवावी. तीनशें वर्षांनंतर मी आपणांस जें सांगणार आहें, त्याचें सार याहून फारसें निराळें नाहीं. आपल्याकडील सोनार, छापखान्यांत खिळे जुळविणारे कामगार, कशिदा काढणाऱ्या बायका, या सर्वांना हा शीण ठाऊक होता. भेद इतकाच कीं, सोनाराचा दिवा रात्रीं विझत असे. संगणकाच्या पडद्याला रात्र नाहीं, आणि पुस्तकाचें पान उलटतांना डोळ्यांना जी क्षणभर उसंत मिळते, तीही तो देत नाहीं.

आतां हा शीण येतो कोठून, तें पाहूं. डोळ्याच्या बाहुलीमागें एक पारदर्शक भिंग असतें, आणि त्याच्या भोंवतीं स्नायूचें एक कडें असतें. आपण दूर पाहतों तेव्हां हा स्नायु सैल असतो आणि भिंग चपटें राहतें. जवळ पाहूं लागलों कीं स्नायु आकुंचन पावतो, भिंगाला ताणून धरणारे बारीक तंतु ढिले पडतात, आणि भिंग फुगीर होऊन जवळची वस्तु स्पष्ट दिसते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें ही क्रिया १८५५ सालीं विशद करून दाखविली. याखेरीज दोन्ही डोळे एकाच अक्षरावर रोखण्यासाठीं ते किंचित् नाकाकडे वळवून धरावे लागतात. तें काम डोळ्याच्या बाहेरच्या स्नायूंचें.

पाण्यानें भरलेला तांब्या उचलण्यास कोणाला कष्ट पडत नाहींत. पण तोच तांब्या हात लांब करून दहा मिनिटें धरून ठेवा, म्हणजे दंड भरून येतो. ओझें वाढलेलें नसतें. तें खालीं ठेवलेलें नसतें, एवढेंच. संगणकापुढें तास न् तास बसणारा माणूस डोळ्यांच्या स्नायूंकडून हेंच करवून घेतो. हात दुखला म्हणून तो मोडला असें आपण म्हणत नाहीं. तो खालीं घेतों आणि थोडा चोळतों. डोळ्यांच्या बाबतींत मात्र आपण एकदम आंधळेपणाची कल्पना करूं लागतों.

येथें एक हिशेब लक्षांत ठेवण्यासारखा आहे. वस्तूचें अंतर निम्में केलें कीं तिच्यावर नजर स्थिर करण्याचे श्रम दुप्पट होतात. संगणकाचा पडदा ६० सेंटीमीटरवर असेल आणि हातांतला मोबाइल ३० सेंटीमीटरवर, तर दिवसभराच्या कामानंतर 'विरंगुळा' म्हणून मोबाइल हातीं घेणारा माणूस थकलेल्या डोळ्यांना दुप्पट ओझें देत असतो. पुष्कळांच्या डोळ्यांचा शीण कचेरींत सुरू होतो खरा. पण तो वाढतो अंथरुणावर.

आतां दुसरें कारण. हें पहिल्याहून अधिक महत्त्वाचें आहे, आणि याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. नल-दमयंतीची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. स्वयंवरमंडपांत चार देव नलाचें रूप घेऊन बसले होते. त्यांतून खरा नल दमयंतीनें ओळखला तो ज्या खुणांवरून, त्यांतली एक अशी कीं, देवांच्या पापण्या लवत नाहींत, माणसाच्या लवतात. संगणकापुढें बसलेल्या माणसाकडे एकदां बाजूनें निरखून पाहा. तोही बराच वेळ अनिमिष असतो. दुर्दैव इतकेंच कीं, त्याची नजर देवाची झाली तरी डोळे माणसाचेच राहतात.

काझुओ त्सुबोता आणि त्यांचे सहकारी या जपानी संशोधकांनीं १९९३ सालीं यासंबंधीं केलेली मोजणी प्रसिद्ध आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाची पापणी मिनिटाला सरासरी २२ वेळां लवली, पुस्तक वाचतांना १० वेळां, आणि संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचतांना अवघी ७ वेळां. शिवाय पडद्याकडे पाहतांना पुष्कळ वेळां पापणी अर्धवटच मिटते. ती खालच्या कडेपर्यंत पोंचतच नाहीं.

पापणी लवणें म्हणजे केवळ उघडझांप नव्हे. डोळ्याच्या पुढच्या भागावर अश्रूंचा एक अत्यंत पातळ थर सदैव पसरलेला असतो. त्यांत डोळ्याला लागून एक चिकट अंश असतो, मध्यें पाणी असतें, आणि सर्वांत वर तेलाचा एक पापुद्रा असतो. हें तेल पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतें, आणि पाणी लौकर उडून जाऊं नये हें त्याचें काम. पापणी पुरी मिटली म्हणजेच तें तेल बाहेर येतें व थर पुन्हां सारखा होतो. पापणी बराच वेळ लवली नाहीं, तर हा थर जागोजाग फाटतो. मग डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, लाल होतात; आणि फाटलेल्या थरांतून पाहिल्यामुळें अक्षरेंही घटकेंत स्पष्ट, घटकेंत अस्पष्ट दिसतात. दोनदां पापणी लववतांच जें अक्षर स्वच्छ होतें, तें दृष्टिदोषामुळें अंधुक झालेलें नसतें, ही खूण ध्यानांत ठेवावी. "माझ्या डोळ्यांतून तर पाणी वाहतें, मग डोळे कोरडे कसे?" असें पुष्कळ लोक विचारतात. कोरडेपणानें डोळा चुरचुरला कीं तो एकदम पातळ अश्रूंचा लोट सोडतो. पण तें पाणी टिकत नाहीं, गालावरून ओघळून जातें आणि डोळा पुन्हां कोरडा तो कोरडाच.

कारणें अशीं दोन : न सोडलेली नजर आणि न मिटलेली पापणी. आतां उपाय.

पहिला उपाय बैठकीचा. पडदा डोळ्यांपासून ५० ते ७० सेंटीमीटर, म्हणजे हात लांब केला असतां बोटें टेंकतील इतक्या अंतरावर असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत किंवा तिच्या किंचित् खालीं असावी, म्हणजे नजर आपोआप थोडी खालीं झुकते. याचें कारण शोभेचें नाहीं. समोर किंवा वर पाहतांना डोळा अधिक उघडा राहतो व लौकर सुकतो. खालीं पाहतांना पापणी त्याला अर्धें झांकते. मात्र लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलें, तर नजरेबरोबर मानही खालीं जाते आणि पडदा फार जवळ येतो. रोज पुष्कळ काम असेल त्यानें लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवावा आणि कळफलक निराळा जोडून घ्यावा. एवढा एकच निराळा खर्च मी आनंदानें सुचवितों. एखाद्या कागदावरून नकलून घ्यावयाचें असेल, तर तो कागद मेजावर आडवा न ठेवतां पडद्याच्या शेजारीं, त्याच अंतरावर उभा धरून ठेवावा.

दुसरा उपाय अक्षरांचा. लहान अक्षर वाचावयाचें झालें कीं माणूस नकळत पुढें वांकतो आणि अंतराचा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून अक्षरें मोठीं करून घ्यावीं. त्यांत कमीपणा नाहीं. मराठींत काम करणाऱ्यांनीं तर हें अवश्य करावें. आपल्या लिपींत शिरोरेषेच्या वर मात्रा, अनुस्वार व रफार, आणि खालीं उकार, ऱ्हस्वदीर्घांसह मावावे लागतात. त्यामुळें त्याच मापाच्या इंग्रजी अक्षरापेक्षां देवनागरीचें मूळ अक्षर बारीक दिसतें, आणि एक टिंब हुकलें तर अर्थ बदलतो. रंगाच्या बाबतींत म्हणावयाचें तर पांढरट पार्श्वभूमीवरचीं काळीं अक्षरें बहुतेकांना अधिक सुवाच्य वाटतात. काळ्यावर पांढरीं आवडत असल्यास तींही चालतील, पण कडा पसरट दिसूं लागल्या तर तो हट्ट सोडावा.

तिसरा उपाय उजेडाचा. खिडकी समोर असेल तर तिचा झोत डोळ्यांत येतो; पाठीमागें असेल तर तिचें प्रतिबिंब पडद्यावर पडतें. म्हणून मेज असें ठेवावें कीं खिडकी डाव्या किंवा उजव्या हातास येईल. पडदा बंद करून त्याच्या काळ्या कांचेंत पाहावें. दिवा किंवा खिडकी दिसली तर ती कामाच्या वेळींही तेथेंच असणार, हें उघड आहे. खोलींत अंधार करून एकट्या पडद्याच्या उजेडांत काम करणें ही वाईट खोड. पडदा किती उजळ ठेवावा, याची कसोटी सोपी आहे : त्याच्या शेजारीं एक कोरा कागद धरावा. कागदाच्या मानानें पडदा दिव्यासारखा झगझगत असेल तर तो मंद करावा. मळकट दिसत असेल तर वाढवावा.

चौथा उपाय वाऱ्याचा. आपल्या शहरी घरांत पंखा बरोबर डोक्यावर फिरत असतो, आणि कचेऱ्यांत वातानुकूलन यंत्राचा झोत एखाद्या दुर्दैवी खुर्चीवर रोखलेला असतो. ओलें धुणें ज्या कारणानें वाळतें, त्याच कारणानें डोळा वाळतो. झोत तोंडावर येणार नाहीं अशा रीतीनें खुर्ची सरकवावी, किंवा यंत्राची दिशा फिरवावी.

पांचवा उपाय चष्म्याचा. चाळिशीच्या सुमारास भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचें वाचण्यास चष्मा लागतो. त्या चष्म्यालाच आपल्या भाषेनें 'चाळिशी' म्हटलें, इतका हा नियम सार्वत्रिक आहे. पण ही चाळिशी पुस्तकाच्या, म्हणजे साधारण ३५ ते ४० सेंटीमीटरच्या अंतरासाठीं दिलेली असते. संगणक असतो त्याच्या पलीकडे. मग कोणी चाळिशी लावून पडद्यावर ओणवा होतो, तर कोणी दुहेरी भिंगाच्या खालच्या भागांतून पाहण्यासाठीं हनुवटी वर करून बसतो. आणि संध्याकाळीं मान दुखली म्हणजे दोष उशीला देतो. अशांनीं पडद्याचें अंतर फुटपट्टीनें मोजून घ्यावें, आणि नेत्रतपासणीच्या वेळीं तो आंकडा सांगावा. त्या अंतरासाठीं निराळा चष्मा करून देतां येतो. तरुणांच्या बाबतींतही, एरवीं जाणवत नाहीं असा लहानसा नंबर दिवसभराच्या कामांत डोकेदुखी उत्पन्न करतो. आरंभीं सांगितलेल्या बाईंचें असेंच होतें. त्यांना थोडा आडवा नंबर होता, आणि तो कोणीं मोजलाच नव्हता.

सहावा उपाय विश्रांतीचा, आणि तोच सर्वांत मुख्य. अमेरिकेंतील नेत्रतज्ज्ञ जेफ्री अँशेल यांनीं लक्षांत ठेवण्यास सोपा असा एक नियम रूढ केला : दर २० मिनिटांनीं, २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहावें. या आंकड्यांत मंत्रसामर्थ्य कांहीं नाहीं. वीस फुटांवर म्हणजे सहा मीटरवर पाहतांना तो आंतला स्नायु जवळजवळ पूर्ण सैल होतो, आणि वीस सेकंदांत तीन-चार वेळां पापणी पुरी मिटतां येते, एवढेंच त्याचें रहस्य. खिडकींतून समोरच्या इमारतीची गच्ची पाहा, एखादें झाड पाहा, आणि पाहतां पाहतां डोळे सावकाश मिटून उघडा. मोबाइल पाहणें ही विश्रांति नव्हे, हें वेगळें सांगावयास नको. दोन तास सलग काम झालें म्हणजे पंधरा मिनिटें उठावें. चहा मेजावर मागविण्याऐवजीं चहाकडे आपण चालत जावें. यांत डोळे, मान आणि पाठ या तिघांचेंही हित आहे. ज्यांना वेळेचें भान राहत नाहीं त्यांनीं पाण्याचा तांब्या मुद्दाम दूर ठेवावा. तहान हें बिनखर्चाचें घड्याळ आहे.

उपाय सांगितले, आतां कांहीं उपाय नव्हेत तेंही सांगितलें पाहिजे. निळे किरण अडविणाऱ्या चष्म्यांचा सध्यां फार बोलबाला आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिनें २०२३ सालीं या चष्म्यांवरील १७ प्रयोग एकत्र तपासले. साध्या चष्म्यापेक्षां त्यांनीं डोळ्यांचा शीण, निदान अल्प मुदतींत तरी, कमी होतो असें दिसून आलें नाहीं. तसें पाहिलें तर पडद्यांतून येणारा निळा प्रकाश उघड्या आकाशांतून येणाऱ्या प्रकाशापुढें अगदींच किरकोळ आहे. झोंपेच्या आधीं पडदा दूर ठेवावा हें बरें. पण त्यासाठीं चष्मा घ्यावा लागत नाहीं, पडदा बंद करावा लागतो.

थेंबांच्या बाबतींत अधिक सावध असावें. कृत्रिम अश्रूंचे साधे थेंब निरुपद्रवी असतात, व जरूर तर वापरावे. मात्र दिवसांतून चारपेक्षां अधिक वेळां लागत असतील, तर टिकाऊपणासाठीं रसायन न घातलेले थेंब डॉक्टरांस विचारून घ्यावे. डोळ्यांची लाली चटकन घालविणारे थेंब वरचेवर वापरल्यानें उलट लाली वाढते. आणि स्टेरॉइड असलेले थेंब चिठ्ठीवांचून कदापि घालूं नयेत. त्यांनीं डोळ्याला झटकन आराम वाटतो, आणि म्हणूनच ते घातक. महिनोन् महिने वापरले तर डोळ्यांतील दाब वाढून कांचबिंदु होऊं शकतो, मोतीबिंदूही होतो. बाईंच्या पिशवींतील तीन बाटल्यांपैकीं एक याच जातीची होती. गुलाबपाणी, मध असले घरगुती प्रयोगही डोळ्यांत करूं नयेत. जें जंतुरहित नाहीं तें डोळ्यांत घालावयाचें नाहीं, हा नियम सोपा आहे. डोळे चोळूंही नयेत. स्वच्छ पाण्यांत भिजविलेल्या कोमट कापडाची घडी मिटलेल्या पापण्यांवर पांच-दहा मिनिटें ठेवली, तर पापण्यांतील तेल मोकळें होतें आणि बरें वाटतें.

मुलांविषयीं निराळें बोललें पाहिजे. मोठ्या माणसांचे डोळे थकतात; मुलांचे डोळे अजून वाढत असतात. फार वेळ जवळ पाहणें आणि उघड्यावरचा उजेड न मिळणें यांचा संबंध ऱ्हस्वदृष्टीशीं, म्हणजे लांबचें स्पष्ट न दिसण्याशीं आहे. चीनमधील ग्वांगझू येथें पहिलीच्या मुलांवर तीन वर्षें एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. कांहीं शाळांनीं मुलांना रोज ४० मिनिटें अधिक बाहेर नेलें. तीन वर्षांत त्या शाळांतील शेंकडा सुमारें ३० मुलांना ऱ्हस्वदृष्टि आली. इतर शाळांत हेंच प्रमाण शेंकडा सुमारें ४० होतें. तेव्हां मुलांच्या हातांतून मोबाइल काढून घेतांना त्यांना अंगण, मैदान, निदान गच्ची तरी द्यावी. नुसता मोबाइल काढून घेणें हा अर्धाच उपचार झाला.

शेवटीं, ज्याला थकवा म्हणूं नये तें सांगतों. थकव्याची खूण ही कीं, तो कामाबरोबर वाढतो, दोन्ही डोळ्यांना सारखा वाटतो, आणि विश्रांतीनें, झोंपेनें, सुटीच्या दिवशीं ओसरतो. परंतु एका डोळ्याची दृष्टि अचानक कमी झाली. डोळा लाल होऊन तीव्र दुखूं लागला. दिव्यांभोंवतीं रंगीत वलयें दिसून डोकें दुखूं लागलें व उलट्या झाल्या. डोळ्यापुढें विजा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा एकाएकीं वर्षाव झाला किंवा कडेनें पडदा ओढल्यासारखें वाटलें. एकाचे दोन दिसूं लागले. तर त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. आणि जो कांचबिंदु सावकाश येतो तो तर यांतलें कांहींच करीत नाहीं. तो दुखत नाहीं, खुपत नाहीं, समोरचें अक्षरही पुष्कळ काळ पुसत नाहीं. कडेची दृष्टि तेवढी चोरून नेतो. त्याला पकडण्याचा मार्ग एकच : चाळिशीनंतर, आणि घरांत कोणाला तो असल्यास त्याहूनही आधीं, डोळ्यांचा दाब व आंतली नस नियमानें तपासून घेणें. मधुमेह असलेल्यांनीं तर दरवर्षीं बाहुली मोठी करून डोळ्याचा आंतला पडदा तपासून घ्यावा. चष्म्याचा नंबर काढणें म्हणजे डोळे तपासणें नव्हे. त्या हिशेबनीस गृहस्थांनीं दोन वर्षांत दोनदां नंबर बदलून घेतला होता.

बाईंनीं मेज खिडकीशेजारीं आडवें लावलें, अक्षरें मोठीं केलीं, बाटल्या टाकल्या, नंबराचा एक साधा चष्मा घेतला. आणि महिन्याभरानें सोडलेलें काम पुन्हां हातीं घेतल्याचें मला कळविलें. गृहस्थ रोज रात्रीं नेमानें औषधाचे थेंब घालतात. उरलेली दृष्टि त्यानें राखतां येईल अशी आशा आहे; गेलेली परत येणार नाहीं. आतां हिशेबाचें काम त्यांचा मुलगा संगणकावर करतो, आणि त्यालाही मीं तपासून घेतलें आहे.

माझें भाषण आपण घरांत बसून ऐकत आहांत. त्याला डोळ्यांची गरज नाहीं. तेव्हां हातांतला पडदा जरा खालीं ठेवा, खिडकीबाहेर दूरवर नजर टाका, आणि पापण्या दोन-चार वेळां सावकाश मिटून उघडा. वीस सेकंद पुरेत. एवढें आपणांकडून करवून घेऊन मी आपली रजा घेतों.